ट्रेलरची चौथी पेटी

नोव्हेंबर १९६६, दुसरा शनिवार. जागा: बोईसर स्टेशनजवळची आमची वर्कशॉपची शेड. हजर: मी, म्हणजे वर्कशॉप सुपरवायझर शेंडे, सर्व्हेचे प्रमुख मिरीकर साहेब, ड्राफ्ट्समन भास्कर कुलथे, जीप ड्रायव्हर लक्ष्मण तांडेल, हा नवापूरचा, आणि वेल्डर रामअवध.

कुलथे ट्रेलरच्या पायरीवर बसून दम गोळा करत होते. तोंड उघडं, दोन्ही हात गुडघ्यांवर. साहेबांनी त्यांच्याकडे न बघता मला विचारलं, "शेंडे, यांचं काय करायचं?"

ट्रेलर म्हणजे जीपमागे जोडायची चाकांवरची खोली. तारापूरला मोठं बांधकाम चालू होतं. तिथला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना ती विकून गेला, आणि ती आमच्या ऑफिसकडे आली. डोंगराकडून किनाऱ्याकडे पाण्याची लाइन आणायची होती आणि आमची पार्टी तिचा सर्व्हे करत होती. बाकीची माणसं तंबूत झोपत. कुलथ्यांना दमा असल्यामुळे डॉक्टरने तंबू बंद केला होता. त्यांचा बिछाना आणि नकाशाचं टेबल ट्रेलरमध्ये असे. पण जादा तंबू, ताडपत्र्या, दोर, स्टोव्ह आणि रॉकेलचे डबेही तिथेच असत, कारण बाहेर ठेवलं की सगळं दवाने भिजे.

कुलथ्यांचं म्हणणं, त्रास रॉकेलच्या वासाने होतो. सामान बाहेर गेलं की आपण ठीक होऊ. साहेबांचं म्हणणं, पार्टी आता मनोरकडे डोंगरात जाणार. त्याआधी कुलथे ट्रेलरमध्ये राहून काम करू शकले तर ठीक, नाहीतर रिलीव्ह. कुलथ्यांची नोकरी टेम्पररी होती. कराडला आई, बायको आणि दोन मुली त्यांच्या मनीऑर्डरवर होत्या.

मी म्हटलं, ट्रेलरला बाहेरून पेट्या बसवतो. साहेब म्हणाले, "बसवा. मागच्या बाजूला एकच मोठी करा. सामान काढायला सोपं."

मागे नको, असं मी सांगितलं. ट्रेलरचं वजन चाकांच्या थोडं पुढे असावं लागतं, म्हणजे त्याची दांडी जीपच्या हुकावर दाबून बसते. मागे वजन टाकलं की दांडी वर उचलली जाते, जीपची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी करून तर बघा."

करून बघितली. रामअवधने अँगलची चौकट जोडली, वर पत्रा मारला. तंबू भरले, डबे भरले आणि तांडेलने गाडी तारापूरच्या रस्त्याला काढली. थोडं अंतर गेल्यावर तो स्वतःच थांबला आणि खाली उतरून विडी पेटवली.

"शेंडेसाहेब, मी नाय हिला ओढत. हीच मला ढकलते हाय. पुढं मिठागर हाय, आमी दोघं त्यात जाऊ."

साहेब मागच्या सीटवर होते. शेडमध्ये परतल्यावर पेटी कापायला सांगून निघून गेले. रामअवध कापताना पुटपुटत होता, "पहले बनाओ, फिर काटो. सरकारी काम."

मग मी माझ्या पद्धतीने यादी केली. जड काय, ओलं काय, वास येणारं काय. जड तंबू पुढे दांडीवरच्या पेटीत. दोर आणि खुंट्या डाव्या कुशीला, चाकाच्या पुढे. रॉकेल आणि स्टोव्ह उजव्या कुशीला, दारापासून लांब. पुढची पेटी पहिल्यांदा बसवली तेव्हा वळणावर तिचा कोपरा जीपला घासला. तो तिरका छाटला. झाकणांना रबराची पट्टी लावली, पण तळाला भोकं ठेवली. पेटी पूर्ण बंद केली तर दवाने ओला झालेला तंबू आतच कुजतो. खाऱ्या वाऱ्यात पत्रा टिकावा म्हणून रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. या वेळी ट्रेलर जीपमागे सरळ आला. तांडेल म्हणाला, आता ही घरंदाज बाईसारखी चालते.

कुलथे त्या दिवसांत रोज शेडमध्ये यायचे. बोईसरला त्यांची भाड्याची खोली जवळच होती. मदत करायचे म्हणजे बिजागऱ्या हातात द्यायचे आणि पुन्हापुन्हा विचारायचे, "होईल ना वेळेत?" तीन पेट्या भरून ट्रेलर रिकामा झाला, आतून धुतला, तेव्हा त्यांनी तो हात फिरवून पाहिला. साहेबांनी त्यांना आत बसून नेहमीचं काम करायला सांगितलं. ही परीक्षाच होती.

दुपारी मी एक बोल्ट आतून आवळायला ट्रेलरचं दार उघडलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. रॉकेलचा वास कुठेच नव्हता. होता तो अमोनियाचा.

हे थोडं सांगायला हवं. नकाशाची प्रत काढायची तर नकाशा खास कागदावर ठेवून उन्हात धरतात. मग तो कागद गुंडाळून एका उभ्या नळीत सोडतात. नळीच्या तळाला अमोनियाची बशी असते. तिच्या वाफेने रेषा उमटतात. गावातल्या लोकांना त्यांच्या शेतातून लाइन कुठून जाणार ते जागेवर दाखवायचं असे, म्हणून या प्रती कॅम्पवरच निघत. एरवी या कागदाला उजेड चालत नाही. त्यामुळे कुलथे खिडक्या लावून आत बसत. इतके दिवस रॉकेल आणि कुबट कापडाच्या वासात हा वास मिसळून गेला होता. सामान बाहेर गेलं आणि तो एकटाच उरला.

कुलथे टेबलाला धरून उभे होते. ओठ निळसर झाले होते. मी दार सताड उघडलं, त्यांना बाहेर आणून बसवलं. बोलता यायला वेळ लागला.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

"मग रॉकेलचं नाव का घेतलंत?"

"अमोनियाचं घेतलं असतं तर साहेबांनी प्रतींचं काम काढून घेतलं असतं. ट्रेसिंगला पालघरच्या ऑफिसात कायम माणसं आहेत. कॅम्पवर मी आहे तो या नळीपायीच." मग थांबून म्हणाले, "शेंडे, तुम्ही इतक्या झटून पेट्या करत होतात. मला वाटलं, तेवढ्यानेही थोडं कमी होईल."

मला राग आला होता, पण तो काढावा असं समोर कोणी नव्हतं. मी टेप घेतला आणि ट्रेलरची मागची बाजू मोजली. नळीसाठी एक उभी, अरुंद पेटी. दार बाहेरून, आत काळं कापड, माणूस मोकळ्या हवेत उभा. वजन जेमतेम, म्हणजे मागे चालेल. रामअवधने लगेच मागच्या पत्र्याला बोल्टसाठी चार भोकं पाडली. पत्रा मात्र संपला होता. पालघरहून आणायचा होता.

साहेबांना मी जाऊन सांगितलं की सामानाच्या पेट्या झाल्या, प्रतींसाठी आणखी एक लागेल, पार्टी दोन दिवस थांबवा. कारणही सांगितलं. लपवून उपयोग नव्हता.

"पार्टी थांबणार नाही," ते म्हणाले. "परत आल्यावर करा."

"तोवर प्रती तरी बाहेर काढू द्या. ताडपत्रीखाली."

"ते कुलथ्यांनी बघावं. त्यांना यायचंय ना?"

कुलथ्यांना यायचंच होतं. निघताना मी त्यांना बजावलं, खिडक्या उघड्या ठेवा, प्रती खराब झाल्या तर होऊ देत. ते बरं म्हणाले. मनोरच्या पुढे माळावर वारा इतका होता की ताडपत्रीखाली नळी उभी राहीना आणि कागद उजेडाने कोरेच निघाले, असं नंतर तांडेलने सांगितलं. साहेबांनी प्रती मागितल्या. कुलथे ट्रेलरमध्ये गेले, खिडक्या लावल्या. त्यांना तांडेलनेच जीपमध्ये आडवं घालून पालघरच्या दवाखान्यात आणलं. वाटेत ते एकच विचारत होते म्हणे, की प्रती नीट उमटल्या का.

ते वाचले. पण नोकरीला अनफिट ठरले. सामान घ्यायला बोईसरला आले तेव्हा शेडकडे फिरकले नाहीत. कराडला गेले एवढं कळलं.

पेट्यांचं काम मात्र पास झालं. तिन्ही पेट्या पहिल्याच फेरीत कामाला आल्या आणि साहेबांनी तसा शेरा दिला. त्यानंतर मी पत्र्याची मागणी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती परत केली. नवीन ड्राफ्ट्समन तरुण आहे, तब्येतीने धडधाकट आहे, त्याची काही तक्रार नाही, मग कशाला?

धंद्यात एवढं शिकलो, की सामान हलवायला पेटी करावी लागते. माणूस हलवायला सही पुरते.

मागच्या पत्र्याची चार भोकं मी सध्या लाकडी खुंट्यांनी बुजवली आहेत. नवीन ड्राफ्ट्समन परवा ट्रेलरमधून खोकत बाहेर आला. इथली हवा मानवत नाही, म्हणाला. मागणी मी पुन्हा पाठवली आहे. पेटी अजून करायची आहे.