बारावी खेळाडू

शिवकांता आठवीत गेली तेव्हापासून गावातल्या बाया तिच्या आईला एकच गोष्ट ऐकवायच्या, "केवळाबाई, ह्या पोरीला नवरा बघायचा तर शिडी लावून बघावा लागंल की गं!" केवळाबाई चारचौघींत हसून साजरं करायची आणि घरात आली की भांड्यांवर राग काढायची. शिवकांता मात्र खांबाला टेकून म्हणायची, "शिडी कामून? मी वाकून बघीन की."

अशी ही पोरगी! उदगीरच्या अलीकडचं गाव, बाप दगडोबा घरचं रान कसणारा, सगळं खानदान बेताच्या उंचीचं, आणि हीच एकटी अशी ताडमाड कुठून निघाली ते देवालाच माहीत. लातूरला कॉलेजात गेली तर तिथल्या क्रीडाशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात हातात बास्केटबॉल ठेवला. तो जो चिकटला तो चिकटलाच. पदवी झाली, पाहुणे बघायला येऊन गेले, पोरीनं सगळ्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी बूट घालून पुन्हा कोर्टावर हजर. तिला खेळायचंच होतं. हौस म्हणून नव्हे, पोटापाण्याचा धंदा म्हणून. गावात कुणी नोकरी विचारली की ती "खेळाडू हाय मी" असं सांगायची आणि समोरचा "ते झालं, पण करतीस काय?" म्हणून पुन्हा विचारायचा.

आणि यंदा खरंच तशी वेळ आली. राज्यात मुलींची व्यावसायिक बास्केटबॉलची स्पर्धा सुरू व्हायची होती, लातूरचा संघ त्यात होता, आणि सराव शिबिराला शिवकांताला बोलावणं आलं. तिचं आभाळ ठेंगणं झालं. पण शिबिरात गेल्यावर कळलं, की संघ बारा जणींचा आणि त्यातल्या अकरा जणी जवळपास ठरलेल्या. उरलेल्या एका जागेसाठी दोघी, एक शिवकांता आणि दुसरी पुनम.

आता नशिबाची थट्टा बघा. ही पुनम म्हणजे शिवकांताची खोलीतली जोडीदारीण. किनवटकडच्या इस्लापूरची, बुटकीच म्हणा ना शिवकांतापुढं, पण नेम असा की डोळे झाकून टाकली तरी बास्केट. दोघी एका ताटात जेवायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या, आणि दोघींना पक्कं ठाऊक होतं की आपल्यातली एक घरी जाणार. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. काय बोलणार?

संघाच्या प्रशिक्षक प्रेमला मॅडम. नांदेडच्या, एके काळी स्वतः मैदान गाजवलेल्या, आता केस पांढरे आणि आवाज मात्र अजून कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांनी शिवकांताला पहिल्याच दिवशी काम नेमून दिलं. "तुझे हात लांब आहेत, पाय चपळ आहेत. समोरच्या संघातली जी सगळ्यात भारी पोरगी, तिच्या अंगाला चिकटायचं. तिनं नुसतं चेंडूकडं बघितलं तरी तुझा हात मधे आला पाहिजे. बास्केट टाकायला माझ्याकडं दुसऱ्या आहेत."

स्पर्धेआधी चार प्रदर्शनीय सामने ठरले होते, चारही नागपूरच्या संघाशी. मुदखेड, नांदेड, उदगीर आणि शेवटचा लातूरला. लोकांना खेळ दाखवायचा, हारतुरे घ्यायचे, आणि त्या निमित्तानं मॅडमना आपल्या पोरी पारखायच्या. नागपूरकडं दहा नंबरची एक पोरगी होती, वाऱ्यासारखी. ती शिवकांताच्या वाट्याला आली.

मुदखेडला शिवकांतानं दहा नंबरला असं जखडलं की ती बिचारी रडकुंडीला आली. नांदेडलाही तेच. पण पेपरात काय छापून आलं? पुनमचा फोटो! कारण पुनमनं बास्केटांची लयलूट केली होती. शिवकांताच्या नावापुढं शून्य. अडवलेल्या चेंडूंचा हिशोब पेपरवाले ठेवत नाहीत. मेल्यांना खेळातलं कळतं काय?

गावाहून चुलते भागवतकाकांचा फोन आला. "आगं, तुझं नाव कुठंच न्हाई की! बाकावर बसून राहिलीस का काय?"

"न्हाई काका, खेळले की मी. अडवायचं काम हाय माझं."

"अडवायचं? ते तर आपलं कुत्रंबी करतंय. उदगीरला आमी समदे येऊन राहिलो. तवा टाकून दाखव!"

हे वाक्य शिवकांताच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. आणि मनात दुसरं एक कुसळ होतंच. पुनम टाकतेय, पुनमचं नाव होतंय, आणि मॅडम काहीच बोलत नाहीत.

उदगीरला खरोखर अर्धं गाव आलं. दोन टेम्पो भरून! भागवतकाकांनी संयोजकांच्या हातातला माईक कधी ताब्यात घेतला ते कुणालाच कळलं नाही. आपल्याकडं कुस्ती असो, कबड्डी असो, बक्षीस पुकारल्याशिवाय मैदानाला रंग चढत नाही. काकांनी पुकारलं, "आपल्या गावची कन्या शिवकांता हिच्या दर बास्केटला आपल्या वतीनं एक स्टीलचा डबा, झाकणासकट!" टाळ्या, शिट्ट्या, हलगी. दगडोबा नवा पटका बांधून पहिल्या रांगेत बसलेला.

पहिला चेंडू हातात आला तेव्हा शिवकांतानं शहाण्यासारखा पास दिला. दुसराही दिला. गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "आगं टाक की, का हाताला मेंदी लागलीय?" आणि तिसऱ्याला पोरीचा तोल गेला. तिनं टाकली, आणि बास्केट झाली! मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. काकांनी डबा उंच धरून नाचवला. मग काय विचारता! चेंडू आला की टाक, आला की टाक. नागपूरच्या पोरी हसत होत्या, ही टाकतेय तर टाकू देत म्हणून जागा सोडत होत्या. आणि दहा नंबर? ती मोकाट सुटली होती. शिवकांताचं तिकडं लक्षच नव्हतं. सामना हरले, पण ते कुणाला कळलं? दगडोबाच्या पायाशी डब्यांची उतरंड लागली. शिवकांताला फेटा बांधला, खांद्यावर घ्यायला चौघं आले आणि तिच्या उंचीकडं बघून परत गेले.

बसमधे प्रेमला मॅडमनी तिला शेजारी बसवून घेतलं. तिला वाटलं, शाबासकी मिळणार.

"तुला काम काय दिलं होतं मी?"

शिवकांता फेट्याचा शेव बोटाला गुंडाळायला लागली.

"हे प्रदर्शनीय सामने आहेत, शिवकांता. नागपूरवाल्या जीव तोडून अडवत नाहीत, कुणाला दुखापत नको असते. इथं कुणीही टाकेल. किती टाकल्या ते मी बघतच नाही. आज मला एवढंच कळलं, की गावानं हाक मारली की तू आमचा हात सोडतेस." मॅडमनी खिडकीकडं तोंड फिरवलं. "लातूरचा सामना तेवढा राहिलाय. उद्याची सुट्टी आहे, घरी जाऊन ये."

पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागच्या सीटवर पुनम झोपेचं सोंग घेऊन पडली होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिवकांता गावच्या फाट्यावर उतरली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. फाट्यावरच्या विजेच्या खांबाला हा भला मोठा फ्लेक्स! 'लातूरच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघात निवड झाल्याबद्दल कु. शिवकांता हिचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांची पलटण, मधोमध गॉगल लावलेले भागवतकाका, आणि कोपऱ्यात तिचा पासपोर्टचा फोटो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. आमच्याकडं तर बाजारातल्या तुरीचाही फ्लेक्स लागेल!

काका पारावरच होते. "कसं काय? हाय का न्हाई जोरात?"

"काका, माझी निवड झालेली न्हाई."

"व्हईल की! समद्यांदेखत एवढे डबे जिंकले आन् न्हाई कशी व्हईल?"

"त्या डब्यांपायीच माझं नाव कटायला लागलंय." तिचा आवाज चढला. पारावरची माणसं उठून उभी राहिली. "काढा तो फ्लेक्स."

"आगं, शुभेच्छुकांना काय तोंड दाखवू मी? लोकं थुंकतील की तोंडावर!"

"मग मी काढते."

तिला शिडी लागली नाही. दुकानासमोरचं स्टूल ओढलं, त्यावर उभी राहिली, आणि वरच्या दोऱ्या दातानं तोडल्या. सगळं गाव बघत होतं. तिला रडू येत होतं, पण खाली उतरेपर्यंत तिनं ते बाहेर येऊ दिलं नाही. तेवढ्यात दगडोबा आला. काका तणतणत होते, "बघ तुझ्या पोरीचा माज!" दगडोबानं फ्लेक्सची घडी घातली, काखेत मारली आणि म्हणाला, "सोयाबीनच्या ढिगावर घालायला कामाला येतो." वाटेनं घरी जाताना त्यानं पोरीला विचारलं, "न्हाई झाली निवड तर?"

"तर सरावाला दुसरीकडं जाईन, आबा. पण मला काय येतंय ते दाखवूनच जाईन. परवा गावातल्या कुणाला आणू नका. तुमी या."

"मला त्यातलं काय कळतंय, माय?"

"न्हाई कळलं तर न्हाई. बसा नुसतं."

लातूरचा सामना. पहिल्या अर्ध्यात मॅडमनी पुनमला खेळवलं आणि पुनम काय खेळली! लांबून टाकल्या, वळून टाकल्या, अंगावर दोघी असताना टाकल्या. बाकावर बसलेली शिवकांता तिची एकेक बास्केट मोजत होती. खोटं कशाला बोला, एकदा तिच्या मनात आलं, हिचा एक तरी नेम चुकू दे. आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या अर्ध्यात पुनम बाहेर आली आणि शिवकांता आत गेली. गेल्या गेल्या तिनं दहा नंबरची पाठ धरली. ती डावीकडं तर ही डावीकडं, ती थांबली तर ही थांबली. चेंडू हातात आला की शिवकांता सरळ पास द्यायची, एकदाही टोपलीकडं बघितलं नाही. काकांनी ऐकलं थोडंच होतं, ते आलेच होते चार टाळकी घेऊन. "टाक की!" तिनं मान वळवली नाही. दहा नंबर चिडली, तिनं कोपर मारलं, शिवकांताच्या ओठातून रक्त आलं. तिनं ते बाहीला पुसलं आणि पुन्हा चिकटली.

शेवटचं मिनिट. लातूर एका गुणानं मागं. आणि चेंडू फिरत फिरत आला तो शिवकांताच्या हातात. तिच्यासमोर कुणी नव्हतं! ही टाकत नाही हे नागपूरवाल्यांना कळून चुकलं होतं, त्यांनी तिला सोडून बाकीच्या चौघी जखडल्या होत्या. पास द्यायला जागाच नव्हती. शिवकांता गडबडली. टाकली तर मॅडम म्हणणार, पुन्हा डब्यांच्या मागं लागली. नाही टाकली तर चेंडू हातचा जाणार.

"टाक गं!" आवाज बाकावरून आला. पुनम उभी राहून ओरडत होती. "मोकळी हायस तू, टाक!"

तिनं टाकली. चेंडू कडीवर आदळला, गोल फिरला, आणि बाहेर पडला. मैदानभर "अर्रर्र!" झालं. दहा नंबरनं चेंडू उचलला आणि पळत सुटली, पुढं सगळं रान मोकळं. पण शिवकांता तिथं उभी राहून कपाळाला हात लावत बसलीच नव्हती. नेम चुकला त्याच क्षणाला ती मागं वळली होती. जीव खाऊन पळाली, दहा नंबरनं उडी घेतली तेव्हा तो लांब हात मागून आला आणि चेंडू थेट प्रेक्षकांत गेला. सामना संपल्याची शिट्टी झाली. लातूर एका गुणानं हरलं.

संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांना कोर्टावरच गोल बसवलं आणि नावं सांगितली. अकरा नावं ठरलेलीच होती. मग त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली. दोघी मैत्रिणी मांडी घालून शेजारी शेजारी, एकमेकींकडं न बघता.

"शिवकांता."

पुनमनं मान खाली घातली. शिवकांताच्या तोंडून निघून गेलं, "कामून, मॅडम? मी तर चुकवली."

"चुकवलीस. चुकल्यावर तू काय करतेस ते मला बघायचं होतं, आणि तेच तीन सामन्यांत दिसलं नव्हतं." मॅडम पुनमकडं वळल्या. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "पुनम, तुझ्या बाबतीत मी चुकत असेन. चार सामन्यांत माणूस कितीसा कळतो, बाई? पण मला एकच ठेवता येते."

खोलीत पुनम बॅग भरायला लागली. टॉवेल, बूट, तेलाची बाटली. शिवकांता कॉटवर बसून रडत होती. इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं होतं आणि तिला ते धड घेताही येत नव्हतं.

"तूच ओरडलीस टाक म्हणून," ती म्हणाली.

"मोकळी होतीस, मग काय गप बसू?" पुनमनं बॅगेची चेन खस्सकन ओढली. तिचेही डोळे लाल होते, आणि ते ती लपवत नव्हती. "रडायचं काम माझं हाय, ते तू कामून करून राहिलीस? ऐक. पुढच्या साली मी येणार हाय, ह्याच जागंवर. तवा ती जागा मला सोप्यात मिळाली ना, तर तुझं तंगडं मोडीन."

शिवकांतानं सुजलेल्या ओठावरून हात फिरवला, नाक ओढलं, आणि उठून उभी राहिली.

"ये तू," ती म्हणाली. "देत न्हाई जा."