डॅन्यूबवर वाजलेलं करामाचं दार

आधीच सांगते, मी दुबईत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की स्टाफरूममध्ये सगळ्यात आधी नाक मुरडणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं.

२००२ चा नोव्हेंबर, रमजान चालू होता. आम्ही तेव्हा दुबईतल्या करामा भागात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. समोरच्या दारात आमिनाचाची — मूळच्या रत्नागिरीकडच्या, साठी उलटलेल्या, अख्ख्या मजल्याला दटावणाऱ्या. रमजानात रोजा सोडायच्या दहा मिनिटं आधी त्या आमच्याकडे ताट घेऊन यायच्या. बेलला हात लावायच्या नाहीत. बोटातल्या जाड चांदीच्या अंगठीने दारावर टक-टक-टक, मग जरा थांबून आणखी एक टक. मी आतून ओरडायचे, "आले आले, चाची!" आणि दुसऱ्या दिवशी ते ताट भरूनच परत जायचं. रिकामं ताट पाठवणं दोन्ही घरच्या रीतीत बसत नव्हतं. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या वर्षी माझे यजमान श्रीकांत रिटायर होत होते. व्हिसा कॅन्सल करून पुण्याला परतायच्या आधी त्यांनी हट्टाने डॅन्यूब नदीवरची क्रूझ बुक केली. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी! "बॅग एकदाच उघडायची, देश आपणहून खिडकीशी येतील," हे त्यांचं म्हणणं. मला धास्ती त्यांच्या शुगरची. इन्सुलिन नुकतंच सुरू झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं — झोपेत शुगर खाली गेली तर त्यांना स्वतःला कळणार नाही, लक्ष तुम्ही ठेवायचं.

बोट संथ चालायची, दोन्ही काठांना द्राक्षमळे आणि चर्च. पहिले तीन दिवस अगदी सुखाचे गेले.

व्हिसाच्या बाबतीत दुबईकर माणूस स्वतःला फार शहाणा समजतो. आम्ही युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणारा शेंगेन व्हिसा घेतला आणि खुशाल निघालो. युरोप म्हणजे युरोप! स्लोव्हाकिया आणि हंगेरी तेव्हा त्यात येत नव्हते, हे आम्हाला ब्राटिस्लाव्हाच्या धक्क्यावर कळलं. ऑफिसरने पासपोर्ट उलटसुलट केला आणि मान हलवली. बोटीवरून उतरायचं नाही, खलास. बाकीचे सगळे शहर बघायला गेले आणि आम्ही दोघंच मागे राहिलो.

"बरंच झालं, झोप काढू," म्हणत ह्यांनी जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं. पण प्रवासी नाहीत म्हणून किचनही जवळजवळ बंद. थंड सँडविचेस आली, आणि त्यात कसलं मांस आहे ते आणणाऱ्यालाही सांगता येईना. ह्यांनी काकडीचे चार काप खाल्ले आणि आडवे झाले.

"अहो, बिस्किटं तरी खा."

"उठल्यावर खातो गं."

सकाळपासूनच्या मनस्तापाने मी दमले होते. बसल्या बसल्या माझाही डोळा लागला. ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलणार नाही.

टक-टक-टक... टक.

झोपेतच मी ओरडले, "आले आले, चाची!" धडपडत जाऊन दार उघडलं. कॉरिडॉर रिकामा. तेव्हा भान आलं, अगं, आपण नदीवर आहोत, इथे कुठली चाची! वळून घड्याळात पाहिलं, दोन वीस. मग ह्यांच्याकडे लक्ष गेलं... उशी घामाने चिंब, चेहरा पांढराफटक. हाका मारून, गालावर चापट्या मारून कसेबसे डोळे किलकिले झाले. साखर घातलेला ज्यूस घोट-घोट पाजत मी नर्सला बोलावलं. तिने शुगर तपासली आणि म्हणाली, अजून अर्धा तास झोपले असते तर... पुढचं मी लिहीत नाही.

त्या मजल्यावर आमच्याशिवाय कुणीच नव्हतं, असं रिसेप्शनवाली म्हणाली. लेकीला फोन केला तर तिचं उत्तर, "मम्मा, यू वेअर ड्रीमिंग. सिंपल!" मलाही ते पटलं. सवयीचा आवाज स्वप्नात येतोच.

करामाला परतल्यावर चॉकलेटं घेऊन चाचींकडे गेले. त्यांनी तोंड फिरवलं.

"बोलू नको माझ्याशी! ट्रिपला जातो सांगून घरात लपून बसलेलीस."

"घरात? कधी?"

"मंगळवारी. तू नायस ते ध्यानातच नाय राहिलं. रोजच्यासारखी ताट घेऊन आली, हात सवयीनं दारावर गेला."

मंगळवारीच आम्ही ब्राटिस्लाव्हाला होतो. त्या दिवसांत दुबईत साडेपाचच्या सुमाराला रोजा सुटायचा. चाचींची वेळ म्हणजे पाच वीस, आणि दुबई तिथल्यापेक्षा तीन तास पुढे. म्हणजे बोटीवरच्या घड्याळात दोन वीस. तरी म्हटलं, "पण चाची, आम्ही खरंच नव्हतो हो!"

"नव्हतीस कशी? मी मागे फिरणार, तर आतून बोललीस ना — आले आले, चाची! मी ताट धरून उभी. अजान झाली गो, तुझ्या दाराशी उभ्यानं खजूर तोंडात टाकून रोजा सोडला मी. नि तू दार उघडलं नाय!"

घराच्या दोन्ही चाव्या माझ्या पर्समध्ये होत्या. आत कुणी असणं शक्यच नव्हतं. इतकी वर्षं डोकं चालवतेय, फिजिक्सची सगळी पुस्तकं पालथी घातली तरी ह्यात बसेल असं काही मिळत नाही.

त्या दिवशी मात्र मी काहीच समजावत बसले नाही. समोर आमच्या घरातून ह्यांचा खोकला ऐकू येत होता. मला रडू फुटलं. चाचींचे दोन्ही हात घट्ट धरले आणि म्हटलं, "चुकलं माझं, चाची. दार उघडायला उशीर झाला."