दारातलं नाक

चक्रीफूल उकळल्याचा वास आला की मला चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यातलं अमेरिकेतल्या ॲन आर्बरचं ते लाकडी दुकान आठवतं. एक व्हिएतनामी बाई तिथे फो विकायच्या, म्हणजे हाडांचं सूप आणि त्यात तांदळाच्या शेवया. त्यांना आम्ही विद्यार्थी मावशी म्हणायचो. मी दुसरा बाऊल मागत होतो, तेवढ्यात शेजारचा दुकानदार नाक दाबून दारात उभा राहिला. ते नाक माझ्या ओळखीचं होतं! पुण्यात माझं आडनाव ऐकून 'मटणाचा वास चालणार नाही' म्हणत खोली नाकारणाऱ्या काकूंचंच ते नाक. वासाची तक्रार वासाबद्दल कधीच नसते. "जुनी लाकडी बिल्डिंग आहे, मॅडम," तो हळूच म्हणाला, "चटकन पेटते." आणि हसत निघून गेला. मी उसळलो. अन्याय दिसला की निषेधाचं पत्रक काढायची माझी खोड माहीत असलेला सोबतचा मित्र कुजबुजला, "यार, पत्रक नंतर काढ, आधी इथून निघू." मावशींनी गॅस बंद केला नाही. उलट दार सताड उघडून खुर्चीने अडवलं, सगळी वाफ रस्त्यावर सोडली आणि माझा बाऊल काठोकाठ भरला. "खा, गार होईल." मी खाल्लं, दाराकडे तोंड करून. अजूनही तो वास आला की तोंडाला पाणी सुटतं, पण नजर आधी दाराकडे जाते.