चौथा ठिपका

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आदिलाबादच्या बसस्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर आला. तिथल्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. मी लहान असतानाच गेलेल्या आईचा, कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातला एकुलता एक फोटो मी त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तिचा धूसर चेहरा पडद्यावर मोठा केला आणि त्याला धार लावायला घेतली. एक बटण दाबायचा, उठून दारापर्यंत जायचा, तिथून डोळे बारीक करून बघायचा. आईचे डोळे उघडले तेव्हा मी ओरडलोच! मग हनुवटीवरचं गोंदण उमटलं.

"ठिपके किती होते?" त्यानं विचारलं.

"तीन!"

"इथं चार दिसून राह्यले. धार लई झाली का मशीन नसलेलं बी दाखवते." त्यानं धार थोडी उतरवली. चौथा ठिपका गेला.

फोटो घेऊन मी उडतच घरी आलो. मोठ्या बहिणीनं, आक्कानं, तो पाहून डोळे पुसले.

"चौथा कुठी गेला रे? तू झाला तवा गोंदून घेतला होता तिनं."

तसाच पळत परत गेलो. मला बघताच त्यानं खणातून दुसरा फोटो काढला, चार ठिपक्यांचा.

"मायचे ठिपके कोन मोजते?" तो म्हणाला. "म्हून हा बी ठेवला होता."