राजू पाण्याखाली आणि दोर बाबांच्या हातात

मित्रांनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाई, म्हणून इथी लिहून राह्यलो.

माझा लहान भाऊ राजू बंदरात पाणबुड्या आहे. आज एका मोठ्या जहाजाचा तुटका पंखा पाण्याखालीच काढून नवा बसवायचा होता. वर थांबलेल्या त्याच्या मित्रानं व्हिडिओ कॉल लावला. इकडे वैनगंगेकाठी आमच्या अंगणात बाबा जाळं शिवत बसले होते.

फोनवर राजू दिसतच नव्हता. दिसत होती फक्त काळ्या पाण्यात गेलेली त्याची हवेची नळी. "खोलीएवढा पंखा साखळ्यांवर टांगलाय, राजू त्याच्या खालीच आहे," मित्र म्हणाला.

आमच्याकडे अडकलेलं जाळं सोडवायले कोणी नदीत बुडी मारली, तर त्याच्या कमरेचा दोर डोंग्यातल्या माणसाच्या हातात असते. झटका बसला की ओढायचं.

तेवढ्यात नळीले झटका बसला. बाबा ओरडले, "ओढ ना रे त्याले! काऊन पाहून राह्यला?"

"काका, ती लाटेनं..." आणि रेंज गेली.

मी फोन घेऊन छतावर गेलो, रोडवर पळालो. कॉल लागेच ना. परत आलो तर बाबांनी जाळ्याचा दोर मुठीत आवळून धरला होता.

संध्याकाळी राजूचा फोन आला. "वर आलो बाबा. काम अर्धं राह्यलं, उद्या पुन्हा उतरतो."

बाबा "हो" म्हणाले. आता जेवून राह्यले, पण डाव्या हातात दोर तसाच आहे. सोडा म्हणायची माझी हिंमत नाई.

तुमचं माणूस हात पोचत नाई तिथं असते, तेव्हा तुम्ही काय धरून बसता?