टेबलाला चढलेला रंग

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आम्ही पुलगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे शाळेत मास्तर. एका बदली झालेल्या साहेबाच्या सामानाच्या लिलावातून ह्यांनी एक टेबल आणलं. हिरव्या ऑइलपेंटचे इतके थर की ड्रॉवर उघडेना. मी नाक मुरडलं. ह्यांनी टेबल उलटं करून पाय दाखवला. तिथे जरासा रंग उडाला होता आणि आत सागवान चमकत होतं.

मग शाळा सुटली की आम्ही दोघं अंगणात. फुटक्या काचेच्या तुकड्याने रंग खरवडायचा, वर काचकागद घासायचा. आठ दिवसांत आमची बोटं सोलली, टेबल मात्र उघडं झालं. गावातल्या सुताराने सांगितल्याप्रमाणे ह्यांनी पॉलिशसाठी लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये घातला आणि विरघळायला बाटली खिडकीत ठेवली. तपकिरी, पारदर्शक द्रव. वास थेट शेजारच्या काकूंच्या ओसरीपर्यंत. त्यात आमच्या जिल्ह्यात दारूबंदी!

काकू कुंपणाशी आल्या. "काऊन वं, मास्तरचे डोये लाल दिसून राह्यले? अन् त्या बाटलीत काय होय?"

"काही नाई काकू, टेबलासाठी होय ते."

"टेबल पेते काय?" म्हणून त्या तरातरा घरात गेल्या.

मी हसले. पण रविवारी दुपारी दारात खुद्द हेडमास्तर उभे! हे पाठमोरे, बनियनवर, टेबलापाशी वाकलेले. म्हणत होते, "ओत अजून थोडं. दोनदा झालं, तरी रंग चढत नाई. आता तिसरा मारतो!"

माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. हेडमास्तरांनी छत्री जमिनीवर आपटली. "मास्तर! आणि पत्नीच्या हातून?"

हे दचकून वळले. एका हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला कापसाचा बोळा, दुसऱ्या हाताची बोटं तांबूस. मीच म्हटलं, "सर, आपण जरा इकडं येऊन पाहा."

ते आले. टेबलावर बोट फिरवलं, मग नाकाशी नेलं. आणि एकदम विचारलं, "बोळा गोल फिरवायचा की सरळ?"

"गोल, सर."

त्यांनी कोट काढून तुळशीवृंदावनावर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि अख्खा एक कोपरा पॉलिश केला. माझा चहा होईस्तोवर थांबलेच नाहीत. काकू कुंपणावरून बघत होत्या, त्यांनाही बोलावलं. टेबलाच्या कडेवरून हात फिरवत त्या पुटपुटल्या, "आरशावानी झालं की वं!"

पुढच्या रविवारी हेडमास्तरांकडून हातगाडी आली. वर चार खुर्च्या, एक पाट आणि डुगडुगणारा पाळणा. हे कपाळावर हात मारून बसले. मी मात्र पदर खोचला आणि काचेचा तुकडा शोधायला लागले.