आत्यांना घेऊन सिंगापूरला

कळंबहून जीप निघाली तेव्हा मी धास्तावलेला होतो. तसा मी दर वेळी असतो. लिफ्ट तपासायच्या नोकरीपायी मी सिंगापूरला राहतो आणि तिथून जकार्ता, मनिला, क्वालालंपूर अशा सारख्या चकरा मारत असतो. एक पासपोर्ट भरला, दुसरा निम्मा झाला. गावातल्या लोकांना वाटतं, हा एसटीत बसावं तसा विमानात बसतो. खरं सांगायचं तर विमानाची मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती टेबलामागं बसलेल्या माणसाची. त्यानं पासपोर्ट हातात घेऊन माझ्या तोंडाकडं पाहिलं, की आपण नक्की काहीतरी केलंय असं माझं मलाच वाटायला लागतं. तळहाताला घाम सुटतो, आणि घाम सुटला की तो आपल्याला पकडणार या विचारानं आणखी घाम सुटतो.

या वेळी तर सोबत हौसाआत्या होत्या. हौसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. त्यांची मुलगी मनीषा सिंगापुरातच असते. तिला आठवा महिना सरत आला होता, आणि नवरा जहाजावर नोकरीला, समुद्रात. डॉक्टरांनी तिला जागचं हलायचं नाही असं बजावलेलं. तेव्हा आत्यांनी जायचं ठरलं, आणि घेऊन जायचं काम माझ्याकडं आलं. बार्शीच्या पलीकडं कधी न गेलेली बाई आता समुद्र ओलांडणार होती.

आदल्या दिवशी मी त्यांची बॅग पूर्ण रिकामी करून तपासली. बाळंतिणीसाठी डिंक, अळीव, खोबरं आणि पावशेर खसखस निघाली. खसखस मी बाजूला काढली. ती तिथं नशेच्या मालात धरतात, हे सांगितलं तर आत्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

"खसखशीला? अरं, लेकराला पाजत्यात ती!"

"तिथं तुरुंगात घालतात, आत्या. अजून काही आहे का?"

"न्हाय बाबा. आता काय ठिवलंस तू?" त्या म्हणाल्या.

सकाळी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून, दारात जमलेल्या सगळ्यांना जयभीम घालून आत्या जीपमध्ये चढल्या. येरमाळा, येडशीचं रान, मग तुळजापूर. तिथं यात्रेकरूंच्या गाड्यांत अडकून आम्ही बराच वेळ जागेवरच उभे राहिलो. आत्या खिडकीतून हार-कुंकवाची दुकानं मजेत बघत होत्या. मी दर थोड्या वेळानं छातीवरचा खिसा चाचपत होतो.

"काय शोधायलास सारखं?" आत्यांनी विचारलं.

"पासपोर्ट."

"त्येला काय पाय फुटल्यात व्हय?"

नळदुर्गच्या पुढं एका लिंबाखाली आम्ही धपाटे (ज्वारीच्या पिठात तिखट-मीठ घालून थापून भाजलेले) आणि दही खाल्लं. उमरगा मागं पडलं तशा पाट्या कानडी झाल्या, मग तेलुगू झाल्या. प्रत्येक पाटीगणिक माझी जीभ कोरडी पडत होती. हैदराबादला एका लॉजवर मुक्काम केला. तिथंही मी बॅग पुन्हा एकदा उघडून बघितली.

विमानतळावर आत्यांनी माझी बाही धरली ती सोडलीच नाही. सोडावी लागली ती फक्त तपासणीला. बायकांच्या पडद्याआड त्या गेल्या आणि आत यंत्र वाजलं. मी पलीकडं उभा. एक बाई बाहेर आली, दुसरी आली, तिसरी आली, आत्या काही येईनात. माझ्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. शेवटी आल्या त्या हसत हसतच.

"काय झालं? का थांबवलं?"

"जोडवी वाजली म्हनं. लई चांगली बाई हाय ती. बोली बी आपल्यावानीच. लेकीचं बाळतपन हाय म्हनलं, तर म्हनली जाव अम्मा, आरामसे जाव."

मला हायसं वाटलं. तिनं कमरेची चंची (पान-सुपारी ठेवायची कापडी पिशवी) उघडून बघितली असणार आणि आतलं ओळखून सोडून दिलं असणार, हे मला फार नंतर कळलं. आपल्याकडं त्यात गुन्हा काहीच नाही.

विमान वर चढलं तेव्हा आत्यांनी डोळे मिटून त्रिसरण म्हटलं. वर गेल्यावर त्यांनी ढगांकडं बघून घेतलं, हवाई सुंदरीनं दिलेलं जेवण हुंगून माझ्याकडं सरकवलं आणि स्वच्छतागृहाकडं गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा खालचा ओठ फुगलेला होता आणि उजव्या हाताचं बोट काळं होतं. वासही आला. आमच्या भागात हा वास लहान पोरालाही कळतो.

"आत्या, मिश्री?"

मिश्री म्हणजे तंबाखू तव्यावर भाजून केलेली काळी पूड. बायका ती दाताला लावतात आणि तासभर तशाच कामं करत राहतात. आत्या पंचशील पाळणाऱ्या, घरात दारूचा थेंब येऊ न देणाऱ्या. पण मिश्रीचा विषय काढला की ती दाताची दवा आहे, एवढंच म्हणतात.

मी खालच्या आवाजात त्यांना सांगितलं. अशी पूड सिंगापुरात न्यायला बंदी आहे. सापडली तर दंड होतो. मी तिथं परवान्यावर काम करणारा माणूस; नावावर असं काही लागलं तर परवाना गेला, नोकरी गेली. आणि तुम्हाला आल्या पावली परत पाठवलं तर मनीषाजवळ कोण आहे?

मनीषाचं नाव निघाल्यावर आत्यांचा चेहरा उतरला. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या. मी तोंड धुवायला उठून गेलो, कारण माझ्या कपाळावर घाम आला होता. परत येऊन विचारलं, "मिश्रीचं उरकलं का?"

"उरकलं. फिकीर करू नको."

विमान उतरेपर्यंत मी तीच गोष्ट मनात घोळवत राहिलो. खाली आल्यावर पासपोर्टाच्या रांगेत आत्यांनी यंत्रावर अंगठा न कुरकुरता दिला आणि कॅमेऱ्याकडं बघून पदर सारखा केला. आम्ही पार झालो. पट्ट्यावरून बॅगा उचलल्या. समोर काचेचं दार, दारापलीकडं माणसं, त्यांत कुठंतरी मनीषा; नको म्हणून बजावलं होतं, तरी आईला घ्यायला ती येणारच होती. मी श्वास सोडला आणि तेवढ्यात एका तरुण अधिकारी मुलीनं हात करून आम्हाला बाजूला बोलावलं.

बॅगा यंत्रातून गेल्या. आत्यांची बॅग सरळ बाहेर आली. माझी खांद्याची बॅग अर्ध्यात थांबली, मागं गेली, पुन्हा पुढं आली.

"ही तुमची?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"हो."

तिनं हातमोजे घातले. लॅपटॉप बाहेर काढला, वायरी काढल्या, आणि तळातून माझाच एक पायमोजा काढला. त्यात बामची जुनी डबी होती. झाकण उघडल्याबरोबर तो वास आला.

मी आत्यांकडं पाहिलं. मी तोंड धुवायला गेलो तेवढ्यात त्यांनी ती माझ्या बॅगेत सारली होती. नेहमी जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाची बॅग कोण उघडतंय, असा त्यांचा हिशेब. मिश्री फेकून द्यायला त्यांचा जीव झाला नव्हता, आणि आता तीच आपल्या भाच्याच्या गळ्याशी आली हे त्यांना एका क्षणात कळलं.

आत्यांनी माझी बाही सोडली. दोन पावलं बाजूला सरकल्या, त्या मुलीसमोर गेल्या आणि मोठ्यानं, स्वच्छ मराठीत बोलायला लागल्या.

"ह्यी डबी माजी हाय. ह्या मान्साचा काय बी संबंध न्हाय. म्या ह्येला वळखत बी न्हाय. इमानात बाजूला बसला हुता, म्या गुपचूप त्येच्या बॅगंत सारली. सोडा त्येला. मला काय करायचं ते करा."

माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. हात मात्र त्यांनी पदराखाली घेतले.

अधिकारी मुलीला अक्षरही कळलं नव्हतं. ती माझ्याकडं वळली. "काय म्हणतात त्या?"

त्या मोठ्या दालनात मराठी कळणारा मी एकटाच होतो. आत्या जे बोलल्या तेच शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं असतं तर मी सुटण्याची शक्यता होती. खोटंही बोलावं लागलं नसतं, नुसतं भाषांतर केलं की झालं. आणि मग एका खोलीत आत्या एकट्या, समोर गणवेशातली माणसं, एका शब्दाचा अर्थ नाही. तरीही माझे पाय काचेच्या दाराकडं ओढ घेत होते. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो.

"या माझ्या आत्या आहेत," मी म्हणालो. "ती तंबाखूची पूड आहे, दाताला लावायची. डबी त्यांची आहे, बॅग माझी आहे. आम्ही बरोबर आलोय."

'आंटी' हा शब्द आत्यांना समजला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"येडा हायस का रं तू? म्या काय सांगायले, तू काय सांगायलास!"

"आता काय म्हणाल्या?" मुलीनं विचारलं.

"मला रागावल्या."

ती काही हसली नाही. पण त्यानंतर तिनं आत्यांना खुर्ची दिली.

आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. डबी घेऊन गेले, पासपोर्ट घेऊन गेले. भिंती पांढऱ्या, थंडी मरणाची. आत्या तोंडातल्या तोंडात पुटपुटत होत्या. बाहेर मनीषा उभी असेल, ताटकळली असेल, तिला उभं राहायची मनाई आहे, हे मला सारखं आठवत होतं आणि फोन लावायची परवानगी मागायचं धाडस होत नव्हतं. दाराबाहेर बूट वाजले की माझं काळीज उडायचं. नोकरी गेली तर काय, इथून घेऊन गेले तर आत्यांना कोण नेणार, अण्णांना काय सांगायचं, सगळं एकदम डोक्यात. आत्यांनी एकदाच विचारलं, "माझ्यापायी तुझं काम जाईल व्हय रं?" मला खोटं सांगायचं होतं, पण तोंडातून आलं, "माहीत नाही."

शेवटी एक पोक्त अधिकारी आला. त्यानं डबी टेबलावर ठेवली, आत्यांकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं पाहिलं. डबी जप्त होईल, दोघांची नोंद राहील, या खेपेला ताकीद देऊन सोडतोय, पुन्हा सापडलात तर खटला, असं त्यानं सांगितलं. मी तीन-तीनदा आभार मानले. आत्यांनी त्याला हात जोडले.

काचेच्या दाराबाहेर मनीषा खांबाला टेकून उभी होती, रडून डोळे सुजलेले. आत्यांनी आधी तिच्या पोटावर हात ठेवला, मग गालावर.

तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आत्यांनी पहिले दिवस मिश्रीविना डोकं बांधून काढले, पण तक्रार केली नाही. माझी नोकरी राहिली. नोंदही राहिली. आता मी कुठूनही सिंगापूरला परतलो की निम्म्या वेळा मला बाजूला घेतात आणि बॅग उपसतात. त्यात काही नाही हे मला पक्कं ठाऊक असतं, तरी पट्टा थांबला की माझं तोंड कोरडं पडतं. हे काही आता जायचं नाही.

जावई जहाजावरून उतरल्यावर, मनीषाच्या मुलीला बसता येऊ लागलं तेव्हा मी सुट्टी काढून आत्यांना परत आणलं. हैदराबादहून पुन्हा जीप. उमरग्याला त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि तंबाखूची पुडी घेतली. घरी जाऊन भाजते म्हणाल्या. शेतांत तूर काढून झाली होती, मोकळ्या रानात धसकटं उभी होती. बऱ्याच वेळानं मी विचारलं.

"आत्या, तुम्ही मला ओळखत नाही म्हणालात. मी खरंच निघून गेलो असतो तर?"

"म्हनूनच म्हनले की. जावं म्हनून."

"आणि तुमचं काय झालं असतं?"

"काय की," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडं तोंड करून बसल्या.

इतकी वर्षं मी या आकाशातून जातो-येतो आहे, पण प्रवासात माझ्या शेजारी कोण बसलंय हे मी कधी नीट बघितलं नव्हतं. डोळे कायम पुढच्या टेबलावर. आत्यांकडंही मी सांभाळून न्यायचं सामान असल्यासारखंच पाहत आलो होतो.

कळंबला दारात अण्णा उभे होते. मी वाकून पाया पडलो, त्यांनी पाठीवर हात ठेवला, पण ते बघत होते आत्यांकडं. मी टपावरच्या बॅगा सोडायला गेलो. त्यांना वाटलं मला ऐकू येणार नाही.

"आक्का, तुमच्या भरवशावर धाडलं हुतं पोरगं," ते हळू आवाजात म्हणाले. "भ्यालं का लई?"

"भ्यालं की," आत्या म्हणाल्या. "लई भ्यालं. पर मला सोडून गेलं न्हाय."